तीन संस्थांची सोयरीक

केबिन रोडवर एका फरसाणवाल्याच्या दुकानाच्या वर काकूंचं वधूवर सूचक मंडळ होतं. मंडळ म्हणजे एकच खोली. खाली दिवसभर गाठिया तळले जायचे, त्यामुळे वर जमलेल्या प्रत्येक लग्नाला थोडा बेसनाचा वास असतो, असं आमच्या बिल्डिंगमधले लोक म्हणत. खोलीत दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या होत्या. एकीवर मुलांचे फोटो, समोरच्या दोरीवर मुलींचे, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेले. पंखा लावला की सगळे फोटो फडफडायचे, गरकन फिरायचे आणि एकमेकांना पाठ दाखवायचे. नव्यानं आलेल्या आईला ते अपशकुनी वाटायचं. त्यावर काकू म्हणायच्या, "फिरू देत. पंखा बंद केला की आपोआप समोरासमोर येतात."

अख्खं भाईंदर त्यांना लग्नवाल्या काकू म्हणायचं. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. पण त्या बोलायला लागल्या की मोठ्या आवाजाची माणसं गप्प बसायची, कारण त्या काय म्हणाल्या ते ऐकू येत नसे आणि ते चुकवायची कुणाची तयारी नसे. पदराच्या टोकाला भाजलेले चणे बांधलेले असत. समोरच्या माणसाला त्यांनी चणे पुढं केले तर समजावं, पसंत पडला. दारातून आत येणारा कुठलाही पुरुष त्यांच्यासाठी 'जावईबापू' होता. पोस्टमनसुद्धा.

पत्रिका त्या सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी एकच प्रश्न विचारायच्या, "रागावलात की काय करता?" मुलगा म्हणाला की मला राग येतच नाही, तर त्याचा फोटो दोरीच्या पार टोकाला जायचा. आणखी एक खोड होती. दोन्हीकडची माणसं बघण्याच्या कार्यक्रमाला आली की खोलीत मुद्दाम एक खुर्ची कमी ठेवायच्या. कोण उठून जागा देतो, कोण बसल्या जागी इकडंतिकडं बघतो, कोण दुसऱ्याला उठायला सांगतो, हे त्या चहा गाळता गाळता टिपायच्या. माणसं निघून गेली की म्हणायच्या, "मुलगा चांगला आहे, पण वडील उठले नाहीत. मुलीला सासऱ्यांचं सगळं करावं लागेल."

आणि त्यांचं स्वतःचं लग्न? यजमान बोरिवलीला राहायचे, काकू भाईंदरला. भांडण नव्हतं. दर गुरुवारी ते पिशवीभर भाजी घेऊन यायचे. दोघं जेवायची, दुपारभर पत्ते खेळायची आणि संध्याकाळी ते परत जायचे. एका मुलीच्या आईनं हे कळल्यावर विचारलंच, "तुमचंच असं, मग आमच्या मुलीचं तुम्ही काय जमवणार?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आमचे हे लसूण खात नाहीत आणि मला लसणाशिवाय घास उतरत नाही. आधी बरीच वर्षं आम्ही एकमेकांना सुधारत बसलो. मग चुली वेगळ्या केल्या. तेव्हापासून आम्ही एकमेकांची वाट बघतो."

मला तिथं माझ्या आईनं नेलं. लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला वन रूम किचन घेतलं होतं, मी एका विमा कंपनीत चिकटलो होतो, आता लग्न तेवढं राहिलं होतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, रविवारी काय करता?"

आई म्हणाली, "अहो, अजून लग्न कुठं झालंय याचं?"

"होतीलच कुणाचे तरी," काकू म्हणाल्या.

मी जरा ऐटीतच सांगितलं. आमच्या बिल्डिंगमधली आम्ही पाच-सहा नोकरदार माणसं दर रविवारी गच्चीवर खिचडी शिजवायचो आणि स्टेशनबाहेर उघड्यावर राहणाऱ्या लोकांना वाटायचो. थंडीत ब्लँकेटं द्यायचो. आमच्या मंडळाला नाव होतं, कापडी बॅनर होता, अध्यक्ष होते.

"म्हणजे शेठच्या पुरीभाजीच्या मागून येता ते तुम्ही," काकू म्हणाल्या.

मला कळेना. त्या खिडकीशी गेल्या. तिथून स्टेशनचा जिना दिसत होता. "रविवारी सकाळी भांडीवाल्या शेठच्या ट्रस्टची पुरीभाजी येते. ती संपते न संपते तोच तुमची खिचडी. मग दुपारी समुद्राकडच्या डोंगरी गावच्या बायका भात-कालवण घेऊन येतात. त्या लोकांना रविवारी तडस लागेपर्यंत जेवण आणि सोमवारपासून उपास. बुधवारी तर चिटपाखरू फिरकत नाही."

माझे कान तापले. "मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? तीन घरांची एकमेकांशी ओळख नाही. ओळख करून देणं हा माझा धंदा आहे, पण बोलावल्याशिवाय मध्ये पडायचं नाही हा नियम. आता तुम्ही नाव नोंदवायला आलायत."

"मी माझं नाव नोंदवायला आलोय."

"ते होईल हो. आधी तुमच्या मंडळाचा फोटो आणा."

दुसऱ्या दिवशी मी खरंच आमचा बॅनरसकट ग्रुप फोटो नेऊन दिला. काकूंनी तो चिमटा लावून दोरीवर टांगला, एका इंजिनियर आणि एका तलाठ्याच्या मधोमध. माझा स्वतःचा फोटो आईच्या पर्समध्येच राहिला. पुढं माझं लग्नही त्यांनीच जमवलं म्हणा. मुलीच्या वडिलांना त्यांनी पहिलंच सांगून टाकलं, "मुलगा चांगला आहे, फक्त रविवारी घरी नसतो आणि आता बुधवारीही नसतो. चालेल का?" वडील विचारात पडले. आतून मुलीनंच "चालेल" म्हटलं. तीच माझी बायको.

पण त्याआधीचा तो बुधवार. ऐन मे महिना. काकू मला घेऊन जिन्याखाली गेल्या. तिथं एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. अंगाखाली तीन ब्लँकेटं, घडी घालून एकावर एक. शेजारी मोठं बोचकं. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं आणि त्यावर माश्या.

"आजी, उन्हाळ्यात तीन ब्लँकेटं?" काकूंनी तिच्याजवळ बसत विचारलं.

"एक शेटनं दिलं, एक ह्या पोरांनी, एक डोंगरीच्या बायांनी," आजी म्हणाली. "न्हाई घेतलं तर लोकांना राग येतो."

काकूंनी पदर सोडून चणे पुढं केले. आजीनं चघळत चघळत सगळं सांगितलं. तिचा मुलगा मीरा रोडला बिल्डिंगच्या कामावर होता. साइटवर पत्र्याच्या खोपटात सगळे राहायचे. बांबूच्या परांचीवरून पडून तो गेला. बिल्डिंग पुरी झाली, तशी खोपटंही निघाली. उरल्या आजी आणि तिची सून सुमन. सुमन स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला जायची. आजी बोचक्याजवळ बसायची.

"दिवसभर इथंच?" मी विचारलं.

"मग? एकदा नळावर गेले तर स्टो आन् पातेलं गेलं. एकदा झाडूवाल्यानं कचरा म्हनून उचललं. सामान हुडकत सुमन दोन दिस कामाला गेली न्हाई, तर पहिल्या गाळ्यातलं काम गेलं. आता मी हालत न्हाई."

"पायाला काय झालंय?"

"साखर हाय. डागदर म्हनतो रोज पट्टी बदलाया ये. डोंगरीची मावशी आयतवारी करती पट्टी. रोज कोन जानार? बोचकं कोनापाशी ठेवू?"

काकू उठल्या. तशाच तरातरा गाठियाच्या दुकानापर्यंत आल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "जावईबापू, आपण सगळे मुलीला न विचारताच साखरपुडा करत होतो."

त्यानंतर पंधरवडाभर त्यांनी मला जे पळवलं, तसा मी आयुष्यात पळालो नाही. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत निरोप यायचा. मजा म्हणजे मला कंटाळा येत नव्हता. उलट ऑफिसात बसल्या बसल्या मला हसू फुटायचं. काहीतरी होणार होतं, आणि ते आमच्या हातून होणार होतं.

शेठचं भांड्यांचं दुकान केबिन रोडवरच होतं. त्यांच्या ट्रस्टचा एक गाळा स्टेशनजवळच्या गल्लीत बंद पडून होता. "जागा हाय ना, बेन," शेठ म्हणाले. "पण माणूस कुठून आणू? नोकर लोक रविवारी येतात, तेपण तोंड वाकडं करून."

डोंगरीला आम्ही बसनं गेलो. तिथल्या बायकांच्या मंडळाच्या मावशी जन्मभर इस्पितळात आया म्हणून राबलेल्या. अंगणात बोंबील वाळत घातले होते. काकूंनी ते बघितले आणि पुढचा अर्धा तास संस्थेबद्दल अवाक्षर न काढता त्या फक्त बोंबलांबद्दल बोलल्या. मग मावशीच म्हणाल्या, "त्या म्हातारीचा पाय बगितला काय? रोज साफ केला नाय तर कापावा लागंल. पन आमी रोज कशा येनार? बस भेटत न्हाय, आन् तिकडं टेकायला जागा न्हाय." परतताना काकूंच्या पिशवीत बोंबील होते आणि मावशींचा होकारही.

बैठक काकूंच्या खोलीत ठरली, एका शनिवारी दुपारी. शेठ आले, मावशी आल्या, मी आणि आमचे अध्यक्ष गेलो. खुर्च्या अर्थातच कमी होत्या. त्यातही हाताच्या दोन चांगल्या खुर्च्या आधीच भरलेल्या होत्या. एकीत आजी, एकीत सुमन. सुमन कामावरून तशीच आली होती, हात पॉलिशनं काळे. ती खुर्चीच्या कडेवर अशी टेकली होती की कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं.

शेठनी आपली खुर्ची मावशींना दिली. मावशींनी ती शेठना परत दिली. शेवटी शेठ जमिनीवर मांडी घालून बसले, म्हणाले दुकानात गादीवर बसायचीच सवय आहे. आमचे अध्यक्ष तोवर उरलेल्या एका खुर्चीवर पाय पसरून बसले होते. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि चहा गाळायला वळल्या.

मग सुरू झालं. शेठ म्हणाले, जागा ट्रस्टची, तर नाव ट्रस्टचं. अध्यक्ष म्हणाले, आमचं मंडळ आधीपासून काम करतंय, बोर्ड आमचा हवा. मावशी म्हणाल्या, "आमच्या बाया भांडी घासायला न्हाय येनार, सांगून ठेवते." आवाज चढत गेले. पंख्यानं फोटो फिरत होते. काकूंनी पंखा बंद केला.

"तिघंही वरपक्षासारखे बोलताय," त्या म्हणाल्या. "मानपान, नाव, कुणाचा आहेर मोठा. इथं तुम्ही तिघंही मुलीकडचे आहात. वरपक्ष त्या दोन खुर्च्यांवर बसलाय. त्यांना पसंत पडलं तरच पुढं जायचं. आजी, तुम्हाला काय पाहिजे?"

आजी म्हणाली, "जेवान नको म्हनत न्हाई. पर मला बोचकं ठेवाया एक जागा द्या. दार असलेली."

इतक्या वर्षांच्या खिचडीत आणि पुरीभाजीत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सुमननं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आमच्यासारख्या बऱ्याच बायका आहेत पॉलिशच्या गाळ्यांत. सामान ठेवायला मिळालं तर सगळ्या रोज कामाला जातील. आणि आंघोळीला आडोसा."

"आता तुम्ही तिघं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडं काय काय आहे ते मला नका सांगू. ते लग्नात सगळेच सांगतात. काय नाही ते सांगा."

मग शेठ म्हणाले, "माणूस नाही."

"जागा न्हाय," मावशी म्हणाल्या.

अध्यक्षांनी पसरलेले पाय जवळ घेतले. मी म्हणालो, "काय करायचं ते आम्हाला कळत नाही. हात आहेत."

काकूंनी पदराची गाठ सोडली आणि चणे सगळ्यांपुढं फिरवले. अध्यक्षांपुढंसुद्धा.

त्या उन्हाळ्यात आम्ही गाळा उघडला. आठवलं तरी अजून अंगात वीज खेळते. आम्ही चुना मारला. भांड्यांच्या गाळ्यांतल्या कारागिरांनी भंगारातल्या पट्ट्यांची मांडणी करून दिली. मावशींच्या बायका आळीपाळीनं राहायला येऊ लागल्या, पहिल्या बसनं एक यायची तेव्हा दुसरी परतायची. मागच्या बाजूला बाथरूम झालं. रोज संध्याकाळी ऑफिसातून येणारा आमच्यापैकी कुणीतरी थेट तिथं जाऊन बसायचा. तिन्ही मंडळांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आणि बुधवार मी मागून घेतला.

बोचकी ओळखायची कशी हा प्रश्न आला. शेठच्या दुकानाबाहेर भांड्यांवर नावं घालून देणारा दत्तू बसायचा, छोटं मशीन घेऊन. त्यानं स्टीलचे बिल्ले कापले आणि ज्याचं बोचकं त्याचं नाव प्रत्येकावर घातलं. एक बिल्ला बोचक्याला, एक गळ्यात. माणसं स्वतःचं नाव बोटांनी चाचपून बघायची. बोर्डाचा वाद तोवर चालूच होता. काकूंनी तो एका वाक्यात संपवला. "भांड्यावर नाव ज्याचं भांडं त्याचं. भट्टी पेटवणाऱ्याचं कुणी घालतं का?" बोर्ड लागला नाही. आजी रोज पायाची पट्टी बदलून घ्यायला दवाखान्यात जाऊ लागली, तेही एकटी, काठी टेकत. पाय वाचला.

आणि मग एके दिवशी मावशींच्या दोघी बायकांनी गाळ्यात बोंबील तळले.

वास गल्लीभर गेला. शेठच्या ट्रस्टचे दोन वडीलधारे नेमके बघायला आले होते. ते दारातूनच फिरले. संध्याकाळी शेठचा माणूस आला आणि गाळ्याला कुलूप ठोकून गेला. बोचकी आत. सुमनचे कामाचे कपडे आत, आजीच्या गोळ्या आत. मावशी म्हणाल्या, "आमी पोटात काय घालतो ते आमाला इचारायचं न्हाय." आमचे अध्यक्ष म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

मी धावत काकूंकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पायात चपला घातल्या आणि शेठच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील.

"सोयरीक मोडायची तर मोडा," त्या म्हणाल्या. "मोडतात लोक. पण रीत असते, शेठ. सामान परत करायला माणूस पाठवत नाहीत. घरच्या मोठ्यानं स्वतःच्या हातानं द्यायचं असतं. उद्या सकाळी भांड्यांचे गाळे उघडायच्या वेळी या."

शेठ सज्जन माणूस. आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चेहरा पडलेला. दारापुढं माणसं जमली होती. शेठनी कुलूप काढलं आणि एकेक बोचकं उचलून, बिल्ल्यावरचं नाव वाचून हाक मारायला सुरुवात केली. "कमल." ती पुढं आली, तिनं बोचकं घेतलं, गाठ तपासली. "रामधन." "हसीना." बोचकी जड होती, शेठ घामाघूम झाले.

सुमनचं नाव आलं. तिनं बोचकं घेतलं, आतले कामाचे कपडे काढून बगलेत मारले आणि बोचकं परत शेठच्या हातात दिलं. "ठेवा. मला भोंग्याच्या आत पोचायचंय. संध्याकाळी येते." आणि गेली.

तिच्यामागं कमल परत आली. "शेठजी, जरा वर ठेवा, खाली ओल लागते." मग रामधन. कामाची वेळ झाली होती. कुलूप का लागलं, सोयरीक का मोडली, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायला सवडही नव्हती. ज्या हातांनी सामान दिलं, त्याच हातांत ते परत टाकून माणसं भराभर निघाली. शेठ एकेक बोचकं मांडणीवर ठेवत गेले. शेवटी आजी राहिली. "नीट ठेव रं बाबा," ती म्हणाली. "मी दवाखान्यातनं येते."

गल्ली रिकामी झाली. शेठ दोन्ही हात कमरेवर ठेवून मांडणीकडं बघत उभे. किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती. मग ते हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. "बेन," ते म्हणाले, "आता हे सोडून जाऊ कसा? सगळ्यांनी मला सांगून ठेवलंय."

काकू म्हणाल्या, "मासळी गाळ्यात शिजणार नाही. मावशी घरून करून आणतील आणि समोरच्या ओट्यावर वाढतील. ज्याला पाहिजे तो गल्ली ओलांडेल. चुली वेगळ्या, कुलूप एक." मावशींना हे सांगायला त्या स्वतः डोंगरीला गेल्या आणि दोन दिवस तिथंच राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचं वजन वाढलं होतं.

मी त्यांना विचारलं, "माणसं बोचकी परत देतील हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला फक्त गाळे उघडायची वेळ माहीत होती," त्या म्हणाल्या.

पुढं त्यांनी अशा आणखी सोयरिकी जमवल्या. घोडबंदरच्या बाजूला दोन मंडळं एकाच पुलाखाली एकमेकांची पोस्टर फाडत होती, त्यांनाही खुर्ची कमी ठेवून बसवलं. काकूंच्या दोरीवर मुलामुलींच्या मधेमधे महिला मंडळं, भजनी मंडळं, एक फिरता दवाखाना असे फोटो लटकू लागले. एका मुलीच्या वडिलांनी चुकून भजनी मंडळच पसंत केलं होतं. शेवटी यजमानांना अर्धांगवायू झाला तेव्हा काकूंनी मंडळ बंद केलं आणि त्या बोरिवलीला गेल्या. जाताना चूल मात्र स्वतःची नेली. दोघंही तिथंच वारले, काही महिन्यांच्या अंतरानं.

पण डोळ्यांपुढं त्या येतात त्या सुमनच्या लग्नातल्या.

एका दुपारी मी काकूंच्या मंडळात बसलो असताना दत्तू जिना चढून आला. हातात स्वतःचा फोटो. "टांगा," तो म्हणाला.

"कुणासमोर?" काकूंनी विचारलं.

तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सुमनचा बिल्ला मी दोनदा केला. पहिला चांगलाच होता."

काकूंनी त्याला चणे दिले. सुमनला विचारलं तेव्हा तिनं लगेच नाही म्हटलं. सासूला सोडून ती जाणार नव्हती, आणि सासूसकट कोण करून घेतं. आजी ते ऐकत होती. ती काठी टेकत थेट शेठच्या दुकानाबाहेर गेली आणि दत्तूच्या मशीनपुढं उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

"माजा पोरगा गेला," ती म्हणाली. "सुनंनं मला टाकलं न्हाई. आता तिचं लगीन मी लावून देनार. पर मी बी संगट येनार. सासू म्हन, आय म्हन, तुला काय म्हनायचं ते म्हन. मी उंबऱ्याच्या आत निजनार."

दत्तूनं मशीन बंद केलं. "माझी खोली नवघरला आहे," तो म्हणाला. "लहान आहे. पण उंबरा आहे."

लग्न गाळ्यातच लागलं. आदल्या दिवसापासून तिन्ही मंडळांत मुलीकडचे आपणच म्हणून चढाओढ. शेठनी भटजी आणले, मावशींच्या बायकांनी हळद लावताना त्यांच्या गावची गाणी म्हटली, शिरापुरी आम्ही केली आणि ती आमच्या रविवारच्या खिचडीसारखी करपली नाही. अंतरपाटाचं एक टोक शेठच्या हातात होतं, दुसरं मावशींच्या. शेठ उंच, मावशी ठेंगण्या, त्यामुळे तो तिरका झाला होता आणि दत्तूला पलीकडची सुमन अर्धी दिसत होती. मांडणीवरच्या बोचक्यांपुढं सगळे दाटीनं उभे, अक्षता टाकत. कमल, रामधन, हसीना, भांड्यांच्या गाळ्यांतले कारागीर. आमच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

जेवणं झाली. रिक्षा दाराशी आली. आजी मांडणीजवळ गेली, तिनं आपलं बोचकं स्वतः ओढून काढलं, गळ्यातला बिल्ला सोडला आणि शेठच्या हातावर ठेवला. शेठनी तो मुठीत घट्ट धरला. मावशींनी आजीला रिक्षात चढवलं, तिच्या मांडीवर बोचकं दिलं. सुमन आणि दत्तू दोन बाजूंना बसले. रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली तरी कुणी हललं नाही. सगळे हात वर करून उभे.

काकू तेवढ्या आत होत्या. शिऱ्याची वाटी घेऊन त्या मांडणीपुढं उभ्या होत्या आणि आजीच्या रिकाम्या कप्प्यावर हात फिरवून धूळ बघत होत्या. मी आत आलो. वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, मनातलं.

"जावईबापू," त्या शिरा गिळत म्हणाल्या, "हा कप्पा मोकळा झालाय. स्टेशनला कालपासून एक बाळंतीण आलीये, जिन्याच्या पलीकडच्या अंगाला. जेवण उरलंय तोवर जा, तिला घेऊन या."

मी हात पुसले आणि धावत निघालो.